बियाण्याचा राखणदार

माझी आजी सांगते की, १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरात खायला दाणा उरला नव्हता. ती आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. त्या मिलोची भाकरी नीट थापली जात नसे आणि पोरांच्या घशाखाली उतरत नसे. अशा दिवसांतही माजघराच्या कोपऱ्यात एक गाडगे तोंड बांधून ठेवलेले होते. त्यात राखेत घोळवलेली तूर होती. आढ्याला ज्वारीच्या निवडक कणसांची एक जुडी टांगलेली होती. ते बियाणे होते. उपाशी निजावे, पण बियाण्याला हात लावू नये, अशी पणजीची सक्त ताकीद होती. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि त्या गाडग्यातले दाणे जमिनीत गेले.

ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिच्यात विशेष काही आहे असे मला कधी वाटले नव्हते, कारण शेतकऱ्याच्या घरी हे असेच चालते. परंतु मागील वर्षी एका रशियन कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र वाचनात आले आणि आजीचे ते गाडगे पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. साऱ्या जगाचे बियाणे गोळा करून राखून ठेवणारा, मानवजातीची भूक कायमची मिटावी म्हणून पाच खंड पालथे घालणारा हा माणूस अखेरीस तुरुंगाच्या कोठडीत उपासमारीने खंगून गेला. त्याचे नाव निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे कार्व्हर मराठी घराघरांत पोहोचले. वाविलोव्ह मात्र आपल्याला बहुधा पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या ओळीपुरतेच भेटतात. म्हणून त्यांच्या जीवनाची ही ओळख.

वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. त्यांचे वडील इव्हान इल्यिच हे खेड्यातल्या शेतकऱ्याचे पुत्र. लहानपणीच ते मॉस्कोला आले आणि कष्ट व हुशारी यांच्या बळावर कापडाच्या व्यापारात नावारूपाला आले. आई अलेक्सांद्रा मिखाइलोव्हना या एका कापडगिरणीत कोरीव काम करणाऱ्या कारागिराच्या कन्या. या दांपत्याला सात अपत्ये झाली. त्यांपैकी तीन बालपणीच दगावली आणि दोन मुली व दोन मुलगे असे चौघे जगले. वडिलांची इच्छा होती की, मुलांनी आपला व्यापार सांभाळावा. म्हणून त्यांनी दोन्ही मुलांना व्यापारी शाळेत घातले. पण मुलांची ओढ निराळीच होती. थोरली मुलगी वैद्यक शिकली, धाकटी लिदिया सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळली आणि धाकटा भाऊ सर्गेई पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झाला. निकोलायने धरली शेतीची वाट. म्हणजे बापाने जी माती सोडून शहर गाठले, तिच्याकडेच मुलगा परत निघाला! १९१४ साली लिदिया ऐन तारुण्यात गेली, तेव्हा भावंडांच्या या गोकुळाला पहिला तडा गेला. सर्गेई आणि निकोलाय यांचा जिव्हाळा मात्र अखेरपर्यंत टिकला. त्या जिव्हाळ्याची केवढी कठोर परीक्षा होणार होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

१९०६ साली वाविलोव्ह मॉस्कोच्या कृषिसंस्थेत दाखल झाले. तेथे प्रियानिश्निकोव्ह यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. विद्यार्थिदशेत त्यांनी जो पहिला प्रबंध लिहिला त्याचा विषय होता गोगलगाई! मॉस्को प्रांतातील पिके फस्त करणाऱ्या, शंख नसलेल्या गोगलगाईंचा त्यांनी अभ्यास केला आणि त्याबद्दल पारितोषिकही मिळवले. पुढे १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनजवळ विल्यम बेटसन यांच्या संस्थेत त्यांनी काम केले. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा जगभर पुरस्कार करणारे हे बेटसन. आईबापांचे गुण पिकाच्या पुढच्या पिढीत कोणत्या हिशेबाने उतरतात, हे एकदा कळले की शेतकऱ्याला हवे तसे वाण घडवता येईल, ही खूणगाठ वाविलोव्ह यांनी तेथेच बांधली. महायुद्ध पेटले आणि ते मायदेशी परतले.

लहानपणी डोळ्याला झालेल्या इजेमुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. तथापि युद्धानेच त्यांना पहिला मोठा प्रवास घडवला. १९१६ साली इराणच्या उत्तर भागात रशियन फौजेचा तळ होता. तेथील सैनिक भाकरी खाल्ली की झिंगल्यासारखे होत, त्यांना घेरी येई. कारण शोधण्यासाठी वाविलोव्ह यांना धाडण्यात आले. त्यांनी शेते पाहिली, पीठ तपासले आणि कोडे सोडवले. स्थानिक गव्हात एक विषारी तण मोठ्या प्रमाणात मिसळलेले होते, शिवाय धान्याला बुरशीही लागली होती. एवढे काम करून परत फिरावे की नाही? पण हा गृहस्थ तेथून पामीरच्या पठाराकडे निघाला, डोंगरातले वाण पाहायला! जवळच्या परकीय भाषेतील पुस्तकांमुळे व टिपणांमुळे वाटेत त्यांना जर्मन हेर समजून काही दिवस अडकवूनही ठेवले होते. पुढे चोवीस वर्षांनी स्वतःच्याच देशात हाच आरोप त्यांच्यावर येणार होता, फक्त देशाचे नाव बदलून.

या प्रवासात त्यांना एक मोठी गोष्ट उमगली. राय हे रशियाचे मुख्य अन्न, त्यांची काळी भाकरी रायचीच. मात्र इराणात आणि मध्य आशियात गव्हाच्या शेतात राय हे तण म्हणून उगवत होते आणि शेतकरी त्यावर वैतागलेले होते. जसजसे डोंगरावर चढावे तसतसा गहू थंडीने मागे पडे आणि राय वाढत जाई. अगदी वरच्या खेड्यांत तर शेतकऱ्याने हार मानून रायलाच पीक म्हणून स्वीकारलेले होते. जे कालपर्यंत खुरपून टाकायचे तेच आज पोट भरू लागले! एखाद्या पिकाचा इतिहास असा शेताच्या बांधावर उभे राहून वाचता येतो, हे वाविलोव्ह यांनी जगाला दाखवून दिले.

१९१७ मध्ये ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह शहरी प्राध्यापक म्हणून रुजू झाले. क्रांतीचा आणि यादवीचा तो काळ. सरपण नाही, कागद नाही, अन्न नाही, अशा स्थितीत हे तरुण प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन शेतांवर राबत. येथेच १९२० मध्ये पैदासकारांच्या परिषदेत त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. निकटच्या वनस्पतींमध्ये गुणांची विविधता समांतर असते, म्हणजे गव्हात जे प्रकार आढळतात तसेच प्रकार रायमध्ये किंवा जवात सापडण्याची अपेक्षा धरता येते, असे त्याचे सार. त्या वेळी श्रोत्यांनी त्यांची तुलना मेंडेलेव्हशी केली, आणि ती अनाठायी नव्हती. आवर्तसारणीत जशा रिकाम्या जागा राहिल्या होत्या आणि ती मूलद्रव्ये मागाहून सापडली, तसेच येथेही घडले. कठीण गव्हाचा कुसळे नसलेला प्रकार कोठे तरी असला पाहिजे, असे वाविलोव्ह यांचे अनुमान होते. काही वर्षांनी ॲबिसिनियाच्या पठारावर, म्हणजे आजच्या इथिओपियात, तो त्यांच्या हाती आला.

१९२१ साली त्यांना पेत्रोग्राड येथील उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या विभागाचे प्रमुख नेमण्यात आले. तेच वर्ष व्होल्गाकाठच्या भीषण दुष्काळाचे. त्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे मेली असे मानले जाते. लोकांनी पेरणीचे बियाणेसुद्धा खाऊन टाकले होते, आणि बियाणे संपले म्हणजे नुसता पाऊस येऊन भागत नाही. मला वाटते, वाविलोव्ह यांच्या पुढील सर्व आयुष्याचे सूत्र या एका वर्षात आहे. दुष्काळ कायमचा हटवायचा असेल तर थंडीला, पाण्याच्या ताणाला, रोगाला तोंड देणारे वाण हवेत. असे वाण घडवायचे तर त्या गुणांचे बीज आधी हाताशी हवे. ते बीज मिळणार कोठे? जेथे ते पीक हजारो वर्षांपूर्वी माणसाने प्रथम पेरले, त्या मुलखात. कारण तेथेच त्याचे सर्वाधिक प्रकार नांदत असणार. हा विचार त्यांनी १९२६ साली पिकांच्या उगमस्थानांवरील ग्रंथात मांडला आणि त्याच वर्षी त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले.

मग सुरू झाली ती भ्रमंती. १९२४ साली ते अफगाणिस्तानात गेले. घोड्यावरून आणि पायी मिळून सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास करून, हिंदुकुश ओलांडून त्यांनी सुमारे सात हजार नमुने आणले. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतालचे देश, सीरिया, पॅलेस्टाईन, अल्जीरिया, मोरोक्को, स्पेन आणि तेथून ॲबिसिनिया. १९२९ मध्ये चीनचा पश्चिम भाग, जपान, कोरिया. १९३० मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिका. १९३२-३३ मध्ये पेरू, बोलिव्हिया, चिली, ब्राझील, अर्जेंटिना. हिवताप, टायफस, दरोडेखोर, कडेलोट, विमानाचा अपघात, सारे त्यांनी अनुभवले. चार-पाच तासांहून अधिक झोप त्यांना सहसा लागत नसे. ज्या देशात जात तेथल्या भाषेतली कामापुरती वाक्ये ते शिकून घेत आणि थेट बाजार गाठत. बाजारात शेतकरी जे विकायला आणतो त्यातच त्या मुलखाची शेती दिसते, असा त्यांचा अनुभव होता.

आपल्या देशात मात्र त्यांना येता आले नाही. सोव्हिएत प्रजाजन म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना हिंदुस्थानात प्रवेश नाकारला. अफगाणिस्तानपर्यंत आलेला हा माणूस आपल्या उंबरठ्यावरून परत गेला. तरीही त्यांनी पिकांच्या उगमस्थानांची जी यादी केली, तीत हिंदुस्थानाला मानाचे स्थान आहे. आपल्याच दुपारच्या ताटाकडे पाहा. तूर, मूग, उडीद आणि वांगे ही आपल्या भूमीची देणगी. ज्वारी-बाजरी आफ्रिकेतून आली, गहू पश्चिम आशियातून. मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि टोमॅटो तर अमेरिका खंडातले, तेही गेल्या चार-पाचशे वर्षांतले. ठेचा-भाकरी म्हणजे अस्सल मराठी जेवण असे आपण अभिमानाने म्हणतो, पण त्या एका घासात दोन खंड एकत्र आलेले असतात! मेक्सिकोतल्या किंवा आफ्रिकेतल्या कोणा अनाम शेतकरणीने राखलेले बियाणे आज आपल्याला पोसत आहे, ही जाणीव वाविलोव्ह यांच्या कार्यामुळे मनात पक्की होते.

जगभरातून आणलेले हे दाणे लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक चौकातील संस्थेत जमा होऊ लागले. १९४० पर्यंत तेथे सुमारे अडीच लाख नमुने झाले होते. त्या काळी जगात एवढा मोठा बीजसंग्रह दुसरीकडे कोठेही नव्हता. हे दाणे नुसते पेटीत ठेवून चालत नाही. ते ठराविक वर्षांनी पेरावे लागतात, नाही तर त्यांची उगवणशक्ती जाते. म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यात प्रयोगक्षेत्रे उभारण्यात आली. १९२९ मध्ये वाविलोव्ह विज्ञान अकादमीचे सदस्य आणि नव्या कृषिविज्ञान अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. वय अवघे एकेचाळीस!

एवढ्या धावपळीत त्यांना घर होते काय? होते, आणि त्याची कहाणी सरळ नाही. १९१२ साली त्यांनी आपल्याबरोबर शिकलेल्या येकातेरिना साखारोवा यांच्याशी विवाह केला. १९१८ मध्ये ओलेग हा मुलगा झाला. परंतु वाविलोव्ह नोकरीच्या गावी आणि प्रवासात, पत्नी व मुलगा मॉस्कोत, असे वर्षानुवर्षे चालले आणि हा संसार १९२६ साली संपला. दोष कोणाचा याचा निवाडा आपण करू नये. एवढे मात्र खरे की, जगाला कवेत घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या घरचे दार पुष्कळदा बंद असते आणि त्याची किंमत घरची माणसे मोजतात. ओलेगशी त्यांनी नाते तुटू दिले नाही. येलेना बारुलिना या त्यांच्या सारातोव्हच्या विद्यार्थिनी, पुढे सहकारी, मसुराच्या पिकावरील अधिकारी अभ्यासक. त्यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि १९२८ मध्ये युरीचा जन्म झाला. प्रवासातून ते येलेनांना सतत पत्रे लिहीत. क्रांतीनंतर वडील बल्गेरियात निघून गेले होते. व्यापारी म्हणून त्यांना मायदेशी जागा उरली नव्हती. १९२८ मध्ये निकोलाय यांनी खटपट करून वृद्ध वडिलांना परत आणले. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी मुलाच्या शहरात डोळे मिटले. परदेशात मरण येऊ नये ही बापाची इच्छा मुलाने पुरी केली.

येथून पुढची कहाणी सांगताना लेखणी जड होते.

१९३० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने शेती सामुदायिक केली. धान्य घटले, १९३२-३३ मध्ये पुन्हा लाखो माणसे उपासमारीने मेली. सरकारला नवे वाण चार-पाच वर्षांत हवे होते. पैदासीला दहा-बारा वर्षे लागतात हे वाविलोव्ह यांचे सांगणे प्रामाणिक होते, पण ते कोणाला ऐकायचे नव्हते. याच वेळी त्रोफिम लायसेंको हा युक्रेनमधील तरुण कृषितज्ज्ञ पुढे आला. शेतकऱ्याचा मुलगा, जिद्दी, बोलण्यात तरबेज. बियाणे ओलावून थंडीत ठेवले तर पीक लवकर येते, या एका प्रक्रियेवर त्याने भरघोस उत्पन्नाची आश्वासने दिली. आश्चर्य असे की, आरंभी खुद्द वाविलोव्ह यांनीच त्याला उत्तेजन दिले आणि मानसन्मानांसाठी त्याचे नाव सुचवले. नव्या कल्पनेला वाव द्यावा, या उदार वृत्तीतून त्यांच्या हातून ही चूक घडली. लायसेंको मात्र थांबला नाही. गुण बीजातून नव्हे तर परिस्थितीतून येतात, मेंडेलचे शास्त्र हे भांडवलदारांचे थोतांड आहे, असे तो म्हणू लागला. १९३५ मध्ये स्टालिनने भरसभेत त्याला शाबासकी दिली आणि पारडे फिरले. त्याच वर्षी कृषिविज्ञान अकादमीचे अध्यक्षपद वाविलोव्ह यांच्याकडून गेले. १९३८ मध्ये त्या खुर्चीवर लायसेंको बसला.

वाविलोव्ह यांना मान तुकवून वाचता आले असते. अनेकांनी तसे केले. त्यांत सगळेच भ्याड होते असे नाही, पुष्कळांना मुलेबाळे होती. वाविलोव्ह यांनाही होती. तरी १९३६ च्या आणि १९३९ च्या जाहीर चर्चांत ते आपल्या शास्त्राच्या बाजूने उभे राहिले. १९३९ साली एडिंबरो येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले होते, पण त्यांना देशाबाहेर जाऊ देण्यात आले नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात ते पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करण्यासाठी गेले. ६ ऑगस्ट रोजी चेर्नोव्हत्सी येथे दिवसभर डोंगर हिंडून ते परतले, तोच एक काळी मोटार आली आणि तातडीच्या कामाचे निमित्त सांगून त्यांना घेऊन गेली. सहकाऱ्यांनी मागाहून त्यांचे सामान वेगळे केले, तेव्हा त्यांच्या पिशवीत जुन्या काळच्या एका अर्धरानटी गव्हाच्या ओंब्या निघाल्या. मोकळ्या हवेतल्या अखेरच्या दिवशीसुद्धा त्यांनी बियाणेच गोळा केले होते.

इंग्लंडचे हेर, शेतीत घातपात करणारे, असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. महिनोन् महिने रात्रंदिवस चौकशी चालली. ९ जुलै १९४१ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. त्यांचे निकटचे सहकारी कारपेचेंको, गोव्होरोव्ह, लेव्हित्स्की हेही पकडले गेले आणि कारपेचेंको यांना त्याच महिन्यात गोळ्या घालण्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या, तेव्हा कैद्यांना पूर्वेकडे हलवले. वाविलोव्ह यांना नेले ते सारातोव्हला. ज्या शहरात त्यांनी तरुणपणी विद्यार्थी घडवले, सिद्धांत मांडला, त्याच शहराच्या तुरुंगात! देहान्त शिक्षेच्या कैद्यांच्या कोंदट कोठडीत ते जवळजवळ वर्षभर होते. तेथेही त्यांनी सोबतच्या कैद्यांना आळीपाळीने व्याख्याने देण्याचा परिपाठ ठेवला. त्याआधी मॉस्कोच्या तुरुंगात त्यांनी जागतिक शेतीच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहून काढला होता. त्याचे हस्तलिखित नष्ट झाले.

आणि येलेना? लेनिनग्राड सोडून त्या चौदा वर्षांच्या आतल्या युरीला घेऊन आपल्या माहेरच्या गावी आल्या होत्या. ते गाव सारातोव्हच! पती मॉस्कोत कैदेत आहेत अशा समजुतीने त्या स्वतः अर्धपोटी राहून मॉस्कोच्या पत्त्यावर जिन्नस पाठवीत. तुरुंग त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. एका गावात पती भुकेने झिजत होते, त्याच गावात पत्नी त्यांच्यासाठी दाणा-पाणी बाजूला काढीत होती, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. १९४२ मध्ये मृत्युदंड रद्द होऊन वीस वर्षांची कैद ठरली, पण शरीर संपले होते. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले परदेशी सदस्यत्व दिले. ती वार्ता त्यांच्यापर्यंत कशी पोहोचणार? २६ जानेवारी १९४३ रोजी तुरुंगाच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. वय पंचावन्न. सारातोव्हच्या दफनभूमीत आज त्यांचे स्मारक आहे, पण त्यांना नेमके कोठे पुरले ती जागा कोणी दाखवू शकत नाही.

त्यांच्या माघारी घराने जे सोसले तेही थोडे नव्हते. गुरू प्रियानिश्निकोव्ह म्हातारपणी सुटकेसाठी अर्ज करीत राहिले. भाऊ सर्गेई यांना १९४५ मध्ये विज्ञान अकादमीचे अध्यक्ष नेमण्यात आले. भावाचा बळी घेणाऱ्या सत्तेनेच त्यांना तेथे बसवले आणि लायसेंकोच्या शेजारी बसून त्यांना सभा चालवाव्या लागल्या. त्यांनी भावजयीला व पुतण्याला आधार दिला, मनातले दुःख मनात ठेवले आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले. ओलेगचा १९४६ मध्ये काकेशसच्या बर्फाळ डोंगरात मृत्यू झाला. युरी काकांच्या वाटेने जाऊन भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि वडिलांच्या आठवणी व कागदपत्रे जपण्याचे काम त्यांनी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत केले.

आता त्या बियाण्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे, नाही तर ही कहाणी अपुरी राहील. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी लेनिनग्राडला वेढा घातला, तो जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस टिकला. त्या पहिल्या हिवाळ्यात सामान्य नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. लक्षावधी माणसे उपासमारीने मेली. आणि चौकातल्या त्या संस्थेत गहू, तांदूळ, मका, शेंगदाणा, कडधान्ये यांच्या टनावारी पेट्या रचलेल्या होत्या. त्यांची राखण करणारी माणसे स्वतः भुकेने सुजलेली होती. उंदरांपासून, थंडीपासून, तोफगोळ्यांपासून त्यांनी त्या पेट्या राखल्या. कामेराझ आणि ओल्गा व्होस्क्रेसेन्स्काया यांनी तोफांच्या माऱ्यात शेतातून बटाट्याचे वाण काढून आणले. ते गोठू नयेत म्हणून तळघरात मिळेल ते जाळून ऊब ठेवण्यात आली. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने मेले तेव्हा त्यांच्या ताब्यातील तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन आपल्या मेजापाशीच कोसळले. असे कित्येक गेले. ज्यांच्या प्रमुखाला देशद्रोही ठरवून नेले होते, त्या प्रमुखाचा शब्द त्यांनी मरणाच्या दारात पाळला.

१९४८ मध्ये आनुवंशिकीवर बंदी आली आणि लायसेंकोचे राज्य १९६४-६५ पर्यंत चालले. परंतु २० ऑगस्ट १९५५ रोजी वाविलोव्ह निर्दोष असल्याचे न्यायालयाने जाहीर केले आणि १९६७ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. त्या संग्रहातील दाण्यांपासून पुढे कितीतरी वाण तयार झाले आणि कोट्यवधी लोक त्यावर जेवले. वाविलोव्ह यांनी दाखवलेल्या वाटेने देशोदेशी बीजकोश उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीला १९७६ साली वनस्पती जनुक संपदेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नॉर्वेच्या उत्तरेस बर्फाळ स्वालबार्ड बेटावर २००८ मध्ये साऱ्या जगाचे बियाणे ठेवण्याचे भांडार उघडले.

हे चरित्र वाचून मी आजीला सांगितले. तिला लेनिनग्राड माहीत नाही, मेंडेल माहीत नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की, त्या माणसाच्या बायकोला शेवटी तो त्याच गावात होता हे कळले का? मी म्हटले, पुढे कळले. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. शास्त्राचा इतिहास सांगताना मी ज्या ठिकाणी पुढे निघून गेले होते, तेथेच ती थांबली होती. मला तेव्हा जाणवले की, बियाणे राखणे हे केवळ शास्त्रज्ञाचे काम नाही. आपण न पाहिलेल्या माणसांच्या भुकेचा विचार करून आज हाताशी असलेला घास बाजूला ठेवणे, ही मूळची घर चालवणाऱ्या माणसाची रीत आहे. वाविलोव्ह यांनी ती साऱ्या पृथ्वीच्या घराला लावली. पण ते घर राखता राखता त्यांचे स्वतःचे घर उघडे पडले आणि त्यांच्या वाट्याचा घास त्यांना कोणी देऊ शकले नाही.

आमच्या आढ्याला आता कणसांची जुडी नसते. बियाणे दुकानातून पिशवीत येते आणि दरवर्षी नवे घ्यावे लागते. गाडगे मात्र आजीने टाकलेले नाही. या वर्षी सुट्टीत गावी जाईन तेव्हा शेजारपाजारी जुन्या तुरीचे मूठभर दाणे मिळतात का ते पाहणार आहे. मिळाले तर राखेत घोळवून त्या गाडग्यात ठेवीन.

(द्वितीय वर्ष कला)